व्याह्यांचं विमान

१२ जानेवारी

व्याहीबुवांना नमस्कार,

पत्र बघून दचकू नका. घरी सगळे ठणठणीत आहेत. फोन केला नाही, कारण आमचा फोन बैठकीत आणि जिच्याविषयी बोलायचंय ती तुमची लेक, म्हणजे आमची सूनबाई, शेजारच्याच खोलीत. शिवाय जन्मभर पंप दुरुस्त करून तुमचे कान गेलेले. मी ओरडणार, तुम्ही "हं, हं" करणार आणि सगळ्या गल्लीला कळणार. म्हणून वर्कशॉपात बसून लिहितोय. उत्तरही वर्कशॉपाच्याच पत्त्यावर धाडा.

तर मुद्द्याचं बोलतो. तुम्ही विमान करताय म्हणे! निवृत्त झालेली माणसं कुंड्यांत मिरच्या लावतात, शब्दकोडी सोडवतात, फार तर राजकारणावर भांडतात. तुम्हाला हे कुठून सुचलं? सूनबाई गेल्या महिन्यात तुमच्याकडून आली. दोन दिवसांनी मला म्हणाली, "बाबा त्यात बसून वर जाणार आहेत. ते यंत्र आवारात असेपर्यंत मी माहेरी पाय ठेवणार नाही." पोरगी हाडांच्या वॉर्डात नर्स आहे, व्याही. मोडलेली माणसं ती रोज बघते. आणि मग म्हणाली, "तुमचं ते ऐकतील, तुम्ही त्यांना लिहा." झालं! आता मी तिला शब्द दिलाय.

मी खुर्च्या करणारा माणूस. माझ्या खुर्चीला चार पाय असतात आणि चारही जमिनीवर टेकलेले असतात. तुम्हीही या वयात पाय जमिनीवर ठेवावेत, एवढीच हात जोडून विनंती. विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
खुर्चीवाला व्याही

ता. क. विमानाचा पुढचा पंखा लाकडाचा असतो असं आमच्या गिऱ्हाइकांपैकी एकजण म्हणत होता. मी म्हटलं, काहीतरीच काय! खरं आहे का?


१९ जानेवारी

व्याहीबुवा,

तुमचं पत्र हिला वाचून दाखवलं. "कोणीतरी शहाणं माणूस आहे त्या घरात," म्हणाली.

तुमच्या ता. क. चं उत्तर आधी देतो, कारण पत्रात विचारण्यासारखं तेवढंच होतं. हो, पंखा लाकडाचाच असतो, लहान विमानांचा तरी. लाकूड थरथर पोटात घेतं, धातू ती साठवून ठेवतो आणि एक दिवस तुटतो. तुम्हाला हे मी काय सांगावं!

आता इंजिनाचं ऐका. अग्निशामक दलानं एक पंप मोडीत काढला. दोघांनी दोन बाजूंनी उचलून आगीकडे पळत जायचं, असा तो छोटा पंप. दोन सिलिंडरचं इंजिन. पळवायचं म्हणून हलकं केलेलं, आणि पाणी चौथ्या मजल्यावर फेकायचं म्हणून ताकदीचं. मी ते उघडलं, घासलं, परत बसवलं आणि त्याच्याकडे बघत बसलो. म्हटलं, हे पाणी वर नेतं, तर माणसाला नेईल का? बस, एवढाच प्रश्न. एकदा डोक्यात शिरला तो निघेना. तुम्हाला असं होत नाही का हो कधी?

लोकांची विमानं याच्या चौपट ताकदीची असतात. म्हणून माझं सगळं हलकं हवं. पंखांच्या लाकडी फासळ्या, वर ताणलेलं कापड, आणि शेपूट तर आमची ही एका हातानं उचलते. प्रत्येक तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून मगच लावतो. हिचं म्हणणं, पीठ मापायला काटा रिकामा मिळत नाही.

ठकूचं, म्हणजे तुमच्या सूनबाईचं, म्हणाल तर ती लहानपणापासून हट्टी. येईल. कोण बसणार, कधी बसणार, ते पुढचं पुढे. आधी मला सांगा, तेवढा लांब पंखा एकाच फळीतून काढला तर चालेल का? इथला सुतार म्हणतो, चालेल. मला तो दारं-खिडक्यांचा माणूस वाटतो.

आपला,
पंपवाला


२५ जानेवारी

व्याही,

एका फळीतून? त्या सुताराला आमच्याकडे धाडा, त्याला फळीनंच मारतो! एकसंध फळी हवेनुसार वाकते, पिळते. आज सरळ आहे ती पावसाळ्यात केळीसारखी होईल. पातळ पट्ट्या घ्यायच्या, गाठ एकही नको, एकीची रेषा दुसरीला सांभाळेल अशा लावायच्या, चिकटवायच्या आणि शिकंज्यात दाबून ठेवायच्या. खुर्चीची वळणदार पाठ मी अशीच करतो. चाळीस वर्षांत एक पाठ परत आली नाही.

पण मी हे तुम्हाला का सांगतोय? तुम्हाला थांबवायला निघालो होतो ना मी! सूनबाईनं काल विचारलं, "बाबांचं उत्तर आलं का?" मी म्हटलं, "आलंय, वळणावर येतायत." आता कोण वळणावर येतोय ते देव जाणे.

एक विचारतो, निव्वळ माहितीसाठी. पात्याला पीळ असतो तो मधे जास्त आणि टोकाला कमी, असं का? मी शेजारच्या दुकानातला टेबलफॅन बघून आलो, त्याला तसं काही दिसत नाही.

खुर्चीवाला


१ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

टेबलफॅन बघून आलात! मग आता सुटका नाही तुमची.

पीळ असा समजा. पंखा एकदा फिरला की टोकाला केवढा तरी मोठा फेरा मारावा लागतो आणि मधल्या भागाला छोटासा. पण दोघांना पुढे मात्र सारखंच सरकायचंय. जो पळतोय त्यानं थोडं तिरकं राहिलं तरी पुरतं, जो रेंगाळतोय त्यानं जास्त तिरकं व्हायला हवं. मला हे कळायला तीन दिवस लागले आणि कळलं तेव्हा मी एकटाच शेडमधे हसत सुटलो. ही बघायला आली.

सोबत पुठ्ठ्याचे साचे धाडतोय. मधून टोकापर्यंत, ओळीनं. प्रत्येक जागी पातं त्या साच्यात चपखल बसलं पाहिजे. मी इंजिनावरून पट्ट्यानं पंखा फिरवणार आहे, कारण इंजिन फार जोरात फिरतं आणि पंख्याला तेवढं सोसत नाही. बसल्या जागेवरून बघितलं तर पंखा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरेल. तसा कोरा.

कराल ना? नाही म्हणालात तर त्या दारं-खिडक्यांच्या माणसाकडे जावं लागेल.

ठकूनं परवा आईला फोन केला. मी रिसीव्हर घेतला तर म्हणाली, "ड्यूटीवर जायचंय," आणि ठेवला. त्या दिवशी तिची सुट्टी होती. असो.

पंपवाला


२० फेब्रुवारी

व्याही,

साचे आले. आमची ही पुडकं बघून म्हणाली, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं." मी म्हटलं, घोडं असतं तर दारात तरी बांधता आलं असतं.

पंखा तयार आहे. लपवालपवी मला जमत नाही, म्हणून आमच्या हिला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ती आता कटात आहे. समतोल बघायला तिची विणायची सुई घेतली, मधल्या भोकातून घातली आणि दोन खुर्च्यांच्या पाठींवर टेकवली. एक पातं सारखं खाली जायचं. कानस मारून, बघून, परत कानस मारून शेवटी असं झालं की जिथे सोडावं तिथे ते उभं राहतं. मी अर्धा दिवस ते हातानं फिरवत आणि सोडत बसलो होतो. काम पडलं होतं तरी.

पंचाईत एकच. सूनबाई डबा घेऊन वर्कशॉपात आली तेव्हा तो मेजावर होता, वार्निश लावून चकचकीत. विचारलंन, "हे काय?" मी म्हटलं, "हॉटेलवाल्यानं सजावटीला मागितलंय, भिंतीवर लावायला." तिनं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "छान झालंय." आणि गेली. व्याही, मला त्या रात्री जेवण गेलं नाही. मी तिला शब्द दिला होता हो.

ट्रान्सपोर्टनं पाठवतोय. खोक्यावर "काच, सांभाळून" असं लिहिलंय, नाहीतर हे लोक वर पाय ठेवून उभे राहतात.

खुर्चीवाला


१५ मार्च

व्याही,

पंखा बसवला. विमान मागे गेलं.

चेष्टा नाही करत. आवारात बांधून इंजिन चालू करायचं ठरलं होतं. इथल्या फ्लाइंग क्लबच्या मास्तरीणबाई आल्या होत्या, त्या विमान चालवायला शिकवतात. इंजिन सुरू झालं, पंखा सुंदर फिरला, मी दोरी सैल सोडली आणि विमान शेपटीकडून निघालं! वाळत घातलेल्या चादरींत घुसलं, दोन चादरी शेपटीला गुंडाळल्या आणि दोरीला अडकून थांबलं. हिनं बाहेर येऊन फक्त एवढंच म्हटलं, "धुतलेल्या होत्या."

मास्तरीणबाई हसून हसून खाली बसल्या. मला मात्र हसू येईना. साचे मी बरोबर दिले होते. तुम्ही पंखा उलट्या हाताचा कोरलात असं दिसतंय.

पंपवाला


१८ मार्च

पंपवाल्यांस,

नाचता येईना, अंगण वाकडं!

तुमचे साचे माझ्या भिंतीवर खिळ्याला टांगलेले आहेत. आपण बसल्या जागेवरून घड्याळासारखा म्हणालात. मी तो हातात धरून, खुर्चीत बसून, डोळ्यांसमोर फिरवून बघितलाय, एकदा नाही, पन्नासदा. चाळीस वर्षं मी उजवा हात आणि डावा हात ओळखतो. आमच्याकडून चूक असेल तर दाखवा, मी सगळी हत्यारं विकून मिरच्या लावतो.

आपला नव्हे, नुसता
खुर्चीवाला


२४ मार्च

व्याहीबुवा,

मिरच्या मी लावतो.

तुमचं पत्र घेऊन शेडमधे गेलो. इंजिन बघितलं आणि मटकन खाली बसलो. पट्टा फार घसरत होता, म्हणून मी तो फेब्रुवारीत काढला आणि दात्यांची दोन चाकं बसवली. वजनही वाचलं, मी खूश! तुम्हाला कळवलं नाही, म्हटलं, यात त्यांना कळवण्यासारखं काय? पट्टा दोन्ही चाकांना एकाच बाजूला फिरवतो. दाते एकमेकांत अडकले की एक जर असं, तर दुसरं तसं. पंखा उलटा फिरायला लागला आणि तुमचा तो देखणा पंखा बिचारा इमानेइतबारे हवा पुढे ढकलत बसला.

आणि हे मी केलं! लोकांच्या तारा उलट लागल्यामुळे उलटे फिरणारे पंप सरळ करण्यात माझी अख्खी नोकरी गेली. पंप बसवणाऱ्या पोरांना मी काय काय बोललोय ते आता आठवतंय. हिला सांगितलं तर म्हणाली, "आधी व्याह्यांची माफी मागा, मग चादरींची."

मागतो. मनापासून मागतो. हत्यारं विकू नका.

पंखा फिरवून, मागची बाजू पुढे करून लावता येईल का?

पंपवाला


२९ मार्च

व्याही,

माफ केलं. विहीणबाईंना आणखी दोन चादरी घ्या.

मागचं पुढे केल्यानं काही होत नाही. मलाही आधी तेच वाटलं होतं. मग खिशात स्क्रू होता तो काढला. त्याचे आटे डोक्याकडून बघा नाहीतर टोकाकडून बघा, चढतात ते एकाच बाजूला. स्क्रू उलटा धरला म्हणून डावखुरा होत नाही. पंख्याचंही तेच! मी उठून आमच्या हिला दाखवायला गेलो, ती म्हणाली, "तुम्ही दोघं आता एकाच शाळेत आहात." दुसरा पंखा कोरावाच लागेल. पट्ट्या शिकंज्यात दाबूनही झाल्या.

पहिला पंखा परत पाठवा. हॉटेलवाल्याची थाप खरी तरी करतो, भिंतीवर लावतो.

आता खरं सांगा, उडणार कधी? मला बघायला यायचंय. सुनेला काय सांगायचं ते मी बघतो, आधीच इतकं खोटं झालंय की आणखी थोडं खपेल.

खुर्चीवाला


२ मे

व्याहीबुवा,

दुसरा पंखा अप्रतिम. विमान पुढे जातं. क्लबच्या मैदानावर नेलंय, तपासनीस येऊन प्रत्येक नट हातानं फिरवून बघून गेले, सही केली. मास्तरीणबाईंनी जमिनीवर पळवून पाहिलं, चांगलं पळतं.

उडायचं म्हणाल तर सध्या वारा आडवा आहे. मग तेलाची नळी बदलायचीय. शिवाय शेपटीचं कापड थोडं सैल वाटतं मला. बघू.

पंपवाला


३० मे

व्याही,

वारा पडला असेल ना एव्हाना?

खुर्चीवाला


६ जून

व्याहीबुवा,

वारा पडला, पण चाकात हवा कमी वाटते. आणि हिच्या बहिणीकडे जायचंय. आणि ढग आहेत.

पंपवाला


११ जून

व्याही,

मी अडाणी असेन, पण मूर्ख नाही. तपासनिसांनी सही केली, विमान पळतं, नळी बदलली. मग उरलं काय? माझा पंखा. एकदा चूक तुमची निघाली तरी मनात किडा राहिलाच म्हणायचा. हवेत तुटेल, असं वाटतं ना? तोंडावर सांगा. मी दुसऱ्यांदा केलेल्या कामावर कोणी अशी शंका घेतलेली नाही आजवर. मला लागलंय हे, फार लागलंय.

खुर्चीवाला


१६ जून

व्याहीबुवा,

नाही हो. तुमच्या पंख्याचा यात काही दोष नाही. तुम्हाला असं वाटलं म्हणून मला रात्रभर झोप नाही. आता सांगतो, पण शपथ घ्या, कोणाला सांगणार नाही. ठकूला तर नाहीच.

मला उंचीची भीती वाटते.

हसू नका. जन्मभर मी खालीच उतरत आलो. विहिरी, तळघरं, टाक्या. कितीही खोल असो, मी पुढे. पण वर म्हटलं की पाचावर धारण बसते. माळ्यावरचं काही काढायचं असलं तर ही चढते आणि मी स्टूल धरतो. विमानात मी कधीच बसणार नव्हतो! मला फक्त बघायचं होतं, ते इंजिन माणसाला नेतं की नाही. मास्तरीणबाई उडवणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे.

पण ठकू आली होती तेव्हा तिनं शेडच्या दारात उभं राहून विचारलं, "बाबा, तुम्ही यात बसून वर जाणार?" घाबरली होती. पण तिच्या नजरेत आणखीही काहीतरी होतं. हा माणूस असलं काही करू शकतो, असं. माझ्याकडे तसं कोणी बघितलं नव्हतं कधी. पंपवाल्याकडे कोण बघतं? माझ्या तोंडून "नाही गं" निघेना. "बघशीलच," असं म्हणून बसलो.

मग ती रुसली, यायची थांबली, आणि आता सांगायचं तर कसं सांगू? मास्तरीणबाई उडाल्या की सगळ्यांना कळणार, म्हणून वारा, नळी, ढग. लेक दारात येत नाही आणि मी चाकात हवा भरतोय.

पंपवाला


२१ जून

अरे अरे अरे! भित्री भागूबाई!

व्याही, मी वर्कशॉपात एकटा इतका हसलो की शेजारचा शिंपी धावत आला. विमान करणारा माणूस आणि माळ्यावर चढायला बायको! तुमच्यासाठी आता मी एक ठेंगणं स्टूल करतो, एकाच पायरीचं, बाजूला धरायला कठडा. त्यावर उभं राहून तुम्ही विमानाला टाटा करा!

बरं, हसणं पुरे. आजच्या आज लेकीला सांगा. एका वाक्याचं काम आहे. नाही सांगितलंत तर मी गावभर सांगेन.

खुर्चीवाला


२५ जून

व्याही,

स्टूल करायची तसदी नको. रविवारी सकाळी मी स्वतः बसतोय. जमिनीवर चालवायला मास्तरीणबाईंनी शिकवलंय, पुढचं येतंच. या बघायला.

पंपवाला


३० जून

ठकू,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. शाळेच्या सहलीला गेली होतीस तेव्हाही आईच लिहायची आणि मी खाली "आशीर्वाद" लिहायचो.

रविवारी काय झालं ते तुला सासऱ्यांकडून कळलं असेलच, पण माझ्याकडूनही ऐक. ते पहाटेच्या पहिल्या गाडीनं आले, केस विस्कटलेले, आल्या आल्या माझा हात धरला. "मी चेष्टा केली, ती मागे घेतो. पण तुम्ही बसू नका. मी सुनेला काय तोंड दाखवू?" मी हात सोडवला आणि विमानात बसलो. मला राग आला होता. भित्रा म्हणाले होते ना. पट्टा आवळला. मास्तरीणबाई वाकून सगळं तपासत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवळलेला पट्टाच मी पुन्हा पुन्हा आवळत होतो. त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "काका, भीती वाटते का?"

"छे," असं म्हणायला मी तोंड उघडलं. आणि समोर तुझे सासरे उभे होते, खुर्च्या करणारा तो धिप्पाड माणूस, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणालो, "हो. फार वाटते." सगळ्यांसमोर म्हणालो. क्लबची पोरं होती, तुझी आई होती. कोणी हसलं नाही. तुझ्या आईनं पुढे होऊन पट्टा सोडवला आणि मला उतरवून घेतलं.

मग मास्तरीणबाई बसल्या. तुझे सासरे गवतात सरळ पालथे पडले, कान जमिनीला, चाकाखालून उजेड दिसतो का ते बघायला. आणि एकदम ओरडले, "सुटलं! सुटलं!" तो बंबाचा पंप, ठकू, माणसाला घेऊन वर गेला! झाडांच्या वर गेला. मला वाटलं होतं, तेव्हा मी नाचेन.

नाही नाचलो. पलीकडच्या वळणावर इंजिन दोनदा अडखळलं. नुसतं अडखळलं, लगेच सुरळीत झालं. पण त्या दोन क्षणांत जी भीती वाटली ती मी आजवर कुठल्याच उंचीवर अनुभवली नव्हती. ती मास्तरीणही कोणाची तरी मुलगी आहे. मी बनवलेल्या वस्तूत बसलीय. आणि मी खाली उभा राहून काही करू शकत नाही. ती उतरली, चाकं टेकली, तेव्हा मी तिथेच गवतात बसलो आणि रडलो.

तू सहा महिने अशी उभी होतीस, आणि मी तुला हट्टी म्हणत होतो. मी कधीच बसणार नव्हतो गं. तुला वाटत होतं तेवढा मोठा मी नाही, हे तुला सांगायची मला लाज वाटली. माळ्यावरसुद्धा मी चढत नाही. तुला हे कधी कळू दिलं नाही, एवढंच.

यंत्र आता क्लबच्या मैदानावर आहे, आवारात नाही. तेव्हा तुझी अटही पाळली गेली. यायचं की नाही ते तू ठरव.

बाबा


५ जुलै

बाबा,

तुमचं पत्र ड्यूटी संपल्यावर, कपडे बदलायच्या खोलीत वाचलं. सोबतच्या बाईंनी विचारलं, "कोणी गेलं का?" मी म्हटलं, "नाही, कोणी नाही गेलं," आणि आणखीनच रडले.

तुम्हाला उंचीची भीती वाटते हे मला दुसरीपासून माहीत आहे. मी वर्गात सांगितलं होतं की माझे बाबा गच्चीवरच्या टाकीवर चढतात. मैत्रिणी बघायला आल्या. तुम्ही त्या लोखंडी शिडीनं वर गेलात आणि कितीतरी वेळ खाली येईनात. उतरलात तेव्हा तोंडाला रंग नव्हता, शर्ट भिजलेला होता, आणि मला म्हणालात, "वरून काय मस्त दिसतं!" मी त्यानंतर कोणालाही बघायला आणलं नाही.

आमच्या वॉर्डात, बाबा, निम्मी माणसं अशीच येतात. कोणीतरी बघत होतं म्हणून चढलेली. भीती कबूल करणारा माणूस जपून चढतो, थांबतो, उतरतो. तुम्हाला भीती वाटते, आणि कोणी बघत असलं की तुम्ही तरीही चढता. शेडच्या दारात मी विचारलं आणि तुम्ही "बघशीलच" म्हणालात, तेव्हा तुमच्या तोंडावर तोच टाकीवाला चेहरा होता. म्हणून मी यायचं बंद केलं. म्हटलं, मी बघायलाच नसेन तर बसणार नाहीत. दुसरं काही मला सुचलं नाही. तुम्हाला तोंडावर भित्रे म्हणवलं नाही मला.

मला विमानाची भीती कधीच नव्हती. तुमची होती.

तो पंखा वर्कशॉपात बघितला तेव्हाच मला कळलं होतं तो कशाचा आहे ते. हॉटेलवाले म्हणे! मामंजींना सांगू नका, त्यांना वाटतंय की मी फसले. मी त्यांच्या मागे तो हळूच फिरवून बघितला होता. जिथे सोडावा तिथे थांबत होता. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये आणि ती विचारायला मला तुमच्याशिवाय कोणी नाही, कारण असले प्रश्न तुम्हालाच पडतात: हे मला वर नेईल का?

मी शनिवारी येते, दोन दिवस राहीन. मास्तरीणबाईंना विचारून ठेवा, उडवायला शिकायला किती महिने लागतात. त्या शिकवतात त्या मोठ्या विमानावर आधी नीट शिकेन, घाई करणार नाही, तुम्ही म्हणाल तेव्हाच तुमच्या विमानात बसेन.

तुम्ही खालीच थांबा. भीती वाटली तर वाटते म्हणा, मी ऐकेन. आईला एवढ्यात काही बोलू नका, मी आल्यावर सांगते.

ठकू